अनुभव धागा: हेमिसला जाताना कोकणातून बॅगेत काय काय भरलंत (आणि काय उगाच नेलंत)?

माडाखालची, गुहागर:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत लेह, तिथून पुढे हेमिस नॅशनल पार्क, रुंबक गावात होमस्टेमध्ये पाच रात्री. हिमबिबट्या दिसला तर दिसला, नाही तर डोंगर बघून येऊ. आता घोळ असा आहे की आमच्याकडे पारा १७ वर आला की घरात शाली निघतात आणि तिथे रात्री उणे २० वगैरे सांगतायत. यूट्यूबवर याद्या ढीगभर आहेत पण त्या सगळ्या दिल्ली-पुण्यातल्या लोकांच्या. समुद्रावरून थेट तिकडे गेलेल्या कुणीतरी सांगा. मी आत्तापर्यंत बॅगेत टाकलंय: दोन रेनकोट, बॅगेचं प्लास्टिक कव्हर, सात जोड कपडे, छत्री. नवरा हसतोय. का हसतोय ते सांगत नाही.

खाडीकाठचा, दाभोळ:
छत्री 😀 अगं लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे जुलैत एका दिवसात पडतो तेवढा. रेनकोट दोन्ही काढ. फेब्रुवारीत पडलंच तर कोरडं बर्फ पडतं, झटकलं की गेलं.

तू बूट बघ आधी. जॅकेट, स्लीपिंग बॅग, काठ्यासुद्धा लेहच्या बाजारात भाड्याने मिळतात पण बूट स्वतःच्या पायात मुरलेलेच लागतात. माझे बूट चार वर्षं माळ्यावर खोक्यात होते, दोनदाच घातलेले, दिसायला नवेकोरे. जिंगचेनहून, म्हणजे रुंबकची पायवाट सुरू होते तिथून, चालायला लागलो आणि अर्ध्या तासात उजव्याचा सोल चपलेसारखा फटक फटक, मग डाव्याचा पण. गाईडने घोड्यावरच्या सामानाची सुतळी सोडून बांधून दिलंन म्हणून रुंबकला पोचलो, नाहीतर तिथेच बसलो असतो. नंतर समजलं की सोलमधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजतो, आणि वापराविना पडून राहिला तर लवकर. चार पावसाळे माळ्यावर म्हणजे काय झालं असेल ते बघा. निघण्याआधी महिनाभर घालून चाल, पिशवीत ओझं घेऊन चाल, जे सुटायचं ते इथेच सुटू दे.

मास्तर, जैतापूर:
वय ६३, बीपीची गोळी चालू, तरी जाऊन आलो. बॅगेपेक्षा आधी डॉक्टरकडे जा. सकाळी दिल्लीहून उडालं की सव्वा तासात एकदम ३५०० मीटर. ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं पण हवेचा दाब कमी, त्यामुळे दर श्वासाला समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशच हाती लागतो. आम्ही चुकून काही विसरलो तर जिना चढून परत जात नव्हतो, विसरलं ते विसरलं म्हणायचो. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं झोपून काढायचं, बाजार पळून जात नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनची गोळी, डॉक्टरने दिली तरच घ्या, सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. आणि ती घेतली की लघवीला सारखं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उणे १८ मध्ये रात्री चार वेळा अंगणापलीकडच्या संडासात! तो कोरडा संडास असतो, पाणी नाही, झाल्यावर फावड्याने माती टाकायची. हेडटॉर्च कपाळावरचा न्या, हातातली बॅटरी नको, एका हाताने एवढे कपडे सोडता येत नाहीत.

चिकूची फांदी, डहाणू:
मास्तर 🙏 हा सल्ला कुठल्याच यादीत सापडला नसता.

कोलमीभात, मालवण:
खाण्याचं मी सांगतो कारण आमच्या घरात तयारी तिथूनच सुरू झाली. आई म्हणाली, "रे झिला, थंयसर काय खातलंस? मासो गावतलो काय?" आणि मग सुकट, कोकमाचं आगळ, खोबऱ्याच्या वाट्या, तिखलं करायचा मसाला, सगळं भरलंन. एक एक करून सांगतो काय झालं.

खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावरच गेल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात तेल एवढं असतं की ढिगात तापून आपोआप पेटू शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात. आयुष्यभर माळ्यावर खोबरं वाळत घातलेल्या माणसाला हे दिल्लीत सांगायचं म्हणजे. आगळाची बाटली पाऊण भरलेली होती, वर हवा, वरती दाब कमी झाला तशी ती फुगली आणि झाकणातून निघाली. माझे पांढरे थर्मल आता आमसुली आहेत, धुऊन धुऊन गुलाबी झालेत. सुकट मात्र तीन पिशव्यांत होती, पिशव्या उशीसारख्या टम्म फुगल्या पण फुटल्या नाहीत, रुंबकला पोचल्यावर मी हौसेने एक उघडली आणि पुढचे चार दिवस गावातली दोन कुत्री मला सोडून कुठे गेली नाहीत. घरातल्या आजीने वास घेतलान, काही बोलली नाही, माझी सॅक उचलून बाहेरच्या पडवीत ठेवलीन.

न्यायचंच असेल तर पोहे आणि मेतकूट न्या. तिथे पाणी ८७-८८ डिग्रीलाच उकळतं, भात-डाळ कुकरशिवाय शिजत नाही, पोह्यांना ती भानगड नाही. आमसुलं सुकी न्या, गरम पाण्यात साखर-मीठ घालून प्यायला झकास. बाकी त्यांचं थुक्पा (शेवयांचं सूप), स्क्यू (भाज्यांत शिजवलेले कणकेचे तुकडे) आणि लोणी घातलेला खारट चहा गप प्यायचा. तिसऱ्या दिवशी आवडायला लागतो.

वाळूतली, हर्णै:
प्रीपेड सिम नेऊ नका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेही लेहमध्ये. रोकड लेहमध्येच काढा. बास एवढंच.

तांबडीमाती, वेंगुर्ला:
सगळे थंडीचं बोलतायत, मला थंडीपेक्षा कोरडेपणाने मारलं. आपलं अंग कायम घामेजलेलं असतं ना, तिथे दिवसभर चढलो तरी घाम दिसतच नाही, जागच्या जागी उडतो, मग तहानही लागल्यासारखी वाटत नाही आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं की कळतं दिवसभरात अर्धा लिटरच प्यायलोय. दुसऱ्या दिवशी ओठ फाटले, नाकातून रक्त, बोटांच्या टोकांना चिरा. व्हॅसलीन मोठं न्या, छोटी डबी नाही. खोबरेल तेल नेलंत तर ते बाटलीतून बाहेरच येणार नाही, २४ डिग्रीच्या खाली गोठतं, तिथे त्याचा दगड होतो. मी रुंद तोंडाच्या डबीत नेलं आणि चमच्याने खरवडून काखेत धरून वितळवलं, हसू नका.

पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा, बर्फ वरून धरायला लागतं म्हणजे तोंड मोकळं राहतं. झोपताना त्यातच गरम पाणी भरून मोजा चढवून पायाशी घेतलं की सकाळी प्यायला पण तेच. सात जोड कपडे नको गं, तीन पुरे. आपण जास्त कपडे नेतो कारण आपल्याकडे वाळत नाहीत. तिथे उन्हात दोरीवर टाकलेला मोजा आधी कडक होतो मग तसाच सुकतो, त्याला कुबट वास म्हणून येत नाही. मला तर वास न येणाऱ्या टॉवेलचंच अप्रूप वाटत होतं.

चिकूची फांदी, डहाणू:
बायकांसाठी: पॅड सगळे इथूनच न्या, वापरलेले झिपच्या पिशवीत घालून लेहपर्यंत परत आणा. त्या संडासाचं पुढे शेतात खत होतं, त्यात काहीही टाकायचं नाही. माझी तारीख तिथे आठ दिवस आधी आली, हवेने की दगदगीने देव जाणे, तर हिशोब करून न नेता सरळ जास्तच न्या.

फोकसगेला, अलिबाग:
कॅमेरावाल्यांनो. लेन्सला आधीच बुरशी आहे का बघा, माझ्या लेन्समध्ये आक्षीच्या हवेची जाळी होती आणि ती मला तिथल्या लख्ख उन्हात पहिल्यांदा दिसली. बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, आतल्या खिशात अंगाशी ठेवा. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. बाहेरून आल्यावर कॅमेरा पिशवीत बंद करूनच बुखारीच्या (खोली तापवायच्या लोखंडी शेगडीच्या) खोलीत न्यायचा, नाहीतर आत बाहेर सगळं दवाने भरतं. आणि बुखारीला टेकून बसू नका, माझ्या भाड्याच्या जॅकेटला ठिणगीचं भोक पडलं, त्याचे पैसे वेगळे गेले.

हिमबिबट्या दिसला का? लडाखी लोक त्याला शान म्हणतात. २०२४ ला जाहीर झालेल्या सरकारी मोजणीत देशात ७१८ निघाले, त्यातले ४७७ लडाखात. ऐकायला बरे वाटतात, पण पार्कच ४४०० चौरस किलोमीटरचं, रत्नागिरी जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त. मला सातव्या दिवशी स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून, एक शेपूट दिसली. शेपूटच. खडकावर दोरखंड पडल्यासारखी, मग ती हलली. फोटोत नुसता खडक आहे. मी तो फ्रेम करून लावलाय.

खाडीकाठचा, दाभोळ:
मग बूट बघितलेस का?

माडाखालची, गुहागर:
छत्री काढली, रेनकोट काढले, कपडे तीनवर आणले, व्हॅसलीनचा मोठा डबा आणला. मास्तरांचा हेडटॉर्च मागवलाय, सासूबाईंना कशासाठी ते सांगितलं नाहीये. बूट २०१८ चे, आंबोलीच्या ट्रेकला घेतलेले, माळ्यावर खोक्यातच होते. आत्ता गच्चीवर नेऊन दोन्ही हातांनी वाकवून बघितले.

उजवा ठीक आहे. डाव्याचा सोल हातात घेऊन हे टाइप करतेय.