ताप-खोकला आल्यावर कोविडची चाचणी आता कोणी करते का?

फोंड्याची शिक्षिका

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका शाळेत शिकवते. परवा रात्रीपासून मला १०१ अंशांपर्यंत ताप येतो आहे, गिळताना घसा खूप दुखतो आणि अंग मोडून आले आहे. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातील दहा-बारा मुले याच तक्रारींमुळे गैरहजर होती. घरचे, शेजारचे आणि शाळेतील सहकारी सगळे एकच सांगतात, की ‘व्हायरल’ आहे, तीन दिवसांत उतरेल, पेज घ्या आणि पडून राहा.

एरवी मीही तेच केले असते. पण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पाच दिवसांवर आली आहे. आमचे मूळ घर सत्तरी तालुक्यात आहे, गणपती पाच दिवसांचा असतो आणि त्या पाच दिवसांत घरात वीस-पंचवीस माणसे एकत्र राहतात. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होते. दीर-जाऊ त्यांचे सारे करतात, पण चवथीला स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली या दोन्ही जागा माझ्याकडे असतात.

काल यजमानांनी चार फार्मसींत विचारले, पाचवीत एकदाचा घरी करायच्या चाचणीचा संच मिळाला. ‘अजून हे कोण करते?’ असे तेथील माणसाने सहज विचारले आणि तोच प्रश्न मी इथे विचारते आहे. आजारी वाटल्यावर तुमच्या घरी ही चाचणी अजून होते का? माझी काल निगेटिव्ह आली. तेवढ्यावर विसंबून सत्तरीला जावे का?

डिचोलीकर

ताई, प्रांजळपणे सांगतो, आमच्या घरी २०२२ नंतर कोणीही चाचणी केलेली नाही. ज्या गोव्यात २५ मार्च २०२० रोजी पहिले तीन रुग्ण सापडले तेव्हा गावांच्या वेशी बंद झाल्या होत्या, त्याच गोव्यात आज खोकणाऱ्या माणसाशेजारी आपण बसमध्ये निर्धास्त बसतो, हा बदल मलाही कधी कधी विचारात पाडतो. तरीही आमच्यापुरता मी एक नियम ठेवला आहे, की नाव काहीही असो, ताप असेपर्यंत आणि त्यानंतर एक दिवस कोणाच्या घरी जायचे नाही, आणि खोकला असेपर्यंत नव्वदीच्या आमच्या आईच्या खोलीत मास्क लावल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. एवढे पाळले तर चाचणीने वेगळे काय साधते, हे मला समजलेले नाही. कोणी समजावून सांगितले तर ऐकायची तयारी आहे.

म्हापशाचा प्रयोगशाळा तंत्रज्ञ

मी म्हापशात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाविषयी बोलणार नाही, चाचणीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो.

ताई, कालच्या निगेटिव्हवर अजिबात विसंबू नका. घरी होणारी चाचणी ही अँटिजेन चाचणी असते. ती नाकातील स्रावामधली विषाणूची प्रथिने शोधते आणि ती पुरेशा प्रमाणात असली तरच दुसरी रेघ उमटते. प्रयोगशाळेत होणाऱ्या आरटीपीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार करून मग शोध घेतला जातो, म्हणून थोडासा अंशही सापडतो. आता बहुतेकांच्या शरीरात लशीमुळे किंवा आधीच्या संसर्गामुळे काही प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे घसा आधी दुखू लागतो आणि नाकातील विषाणूचे प्रमाण एक-दोन दिवसांनी वाढते, असे वारंवार दिसते. म्हणूनच लक्षणे असताना पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी ती पुन्हा करावी, असे सांगितले जाते. पॉझिटिव्ह रेघ मात्र, कितीही फिकट असली, तरी ठरलेल्या वेळेत उमटली असेल तर ती पॉझिटिव्हच समजावी.

संच वापरताना होणाऱ्या चुकाही सांगतो. पुण्यात तयार झालेल्या देशातील पहिल्या घरगुती संचाला मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्यता दिली. त्याची किंमत तेव्हा २५० रुपये होती आणि निकाल साधारण १५ मिनिटांत पाहायचा असे. आजही बहुतेक संचांची पद्धत तशीच आहे. २० मिनिटे उलटल्यावर दिसलेली रेघ धरू नये, कारण पट्टी वाळताना खोटी रेघ दिसू शकते. काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढली तर नमुना पुरत नाही. दोन्ही नाकपुड्यांत दोन-तीन सेंटिमीटर आत, कडेला टेकवून ती फिरवावी लागते, आणि ती नाक शिंकरून साफ केल्यानंतर. मागणी कमी झाल्यामुळे फार्मसीत जुना साठा पडून असतो, म्हणून मुदतीची तारीख पाहिल्याशिवाय संच घेऊ नये. कालच्या तुमच्या संचावरची तारीखही एकदा पाहून घ्या.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. गोव्यात पावसाळ्यात ताप आला की पहिला संशय डेंग्यूचा घ्यायचा असतो. कोविडचा संच निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत झालेले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी प्लेटलेट घसरल्यावर धावत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ चाचणीने डेंग्यू कळू शकतो, त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. शेतात, चिखलात, गुराढोरांत वावरणाऱ्याला ताप असेल, पोटऱ्या दुखत असतील आणि डोळे लाल झाले असतील तर लेप्टोस्पायरोसिसची (उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत अंगदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांच्या तोंडून मी ऐकले आहे. ताई, घसा दुखणे हे डेंग्यूचे मुख्य लक्षण नव्हे. पण तुमचा ताप तिसऱ्या दिवसात गेला आहे, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घ्यावे असे मला वाटते.

डिचोलीकर काका, तुमचा नियम चांगला आहे आणि सगळ्यांनी तो पाळला तर अर्धे काम होईल. अडचण इतकीच, की कोविडमध्ये ताप पुष्कळदा एक-दोन दिवसांतच उतरतो आणि माणसाकडून संसर्ग मात्र त्यानंतरही काही दिवस पसरू शकतो. चवथीच्या घरात दारे-खिडक्या पावसामुळे अर्धवट मिटलेल्या असतात आणि एका खोलीत घुमट-शामेळ या वाद्यांच्या साथीने तास-तासभर मोठ्याने आरत्या म्हटल्या जातात. हवेतून पसरणाऱ्या आजाराला याहून सोयीची जागा नाही. चाचणी पॉझिटिव्ह असेल तर ताप उतरल्यावरही आणखी काही दिवस आरतीला न जाण्याचे कारण हातात राहते.

कळंगुटला नोकरी करणारा

मी हॉटेलात काम करतो. वरील सगळे योग्य आहे, पण लोक चाचणी का करत नाहीत याचे आमच्याकडचे कारण कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. चाचणी पॉझिटिव्ह आली तर मला घरी बसावे लागेल, आणि कंत्राटी कामगाराला घरी बसल्या दिवसाचा पगार मिळत नाही. २०२१ मध्ये अहवाल दाखवला की निदान रजा तरी मिळायची. मागच्या हंगामात माझ्या एका सहकाऱ्याने पॉझिटिव्ह पट्टीचा फोटो पाठवला तेव्हा ‘मास्क लावून ये’ असे त्याला कळवण्यात आले. तो आला, कारण घरभाडे द्यायचे होते. आमच्या खोलीत चौघे राहतात. चौघांनी दोन-दोन वेळा चाचणी करायची म्हटली तर आठ संच लागतील, आणि तेवढ्या पैशांत आमचा आठवड्याचा बाजार होतो. माझी आई गावी दम्याची रुग्ण आहे, म्हणून तिच्याकडे जायच्या आदल्या दिवशी मी स्वतःची चाचणी करतो. वर्षाला दोन-तीन संच, एवढे मला झेपते. ताई, तुम्ही सरकारी किंवा अनुदानित शाळेत असाल तर तुम्हाला रजा मिळेल. ती घ्या.

मडगावचा एक मुलगा

डिचोलीकर काकांनी विचारले, की चाचणीने वेगळे काय साधते. माझ्या वडिलांच्या बाबतीत जे साधले ते सांगतो.

डिसेंबर २०२३ मध्ये वडिलांची कर्करोगावरची केमोथेरपी चालू होती. कोविडच्या जेएन.१ या उपप्रकाराच्या बातम्या त्याच सुमारास आल्या. देशात सुरुवातीला नोंदवल्या गेलेल्या २१ रुग्णांपैकी १९ गोव्यातील होते, हे अनेकांना आठवत असेल. नमुने तपासले गेले म्हणूनच ते कळले, नाहीतर ती सगळी माणसे ‘व्हायरल’मध्येच मोजली गेली असती. वडिलांना थोडासा खोकला आणि ९९ अंश ताप होता, इतका किरकोळ, की त्यांनी स्वतः चाचणीला नकार दिला. आईने हट्ट धरला. दुसऱ्याच दिवशी अहवाल पॉझिटिव्ह आला आणि त्यांच्या डॉक्टरांनी निर्माट्रेलविर-रिटोनाविर हे औषध सुरू केले. ते लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावे लागते. आम्ही ‘बघू, उतरेल’ म्हणत आठवडा घालवला असता तर ती संधी गेली असती. त्याआधी डॉक्टरांनी त्यांच्या सर्व गोळ्यांची यादी मागवली, कारण हे औषध कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या आणि इतर बऱ्याच औषधांशी जुळत नाही. वडिलांची कोलेस्टेरॉलची गोळी काही दिवस बंद ठेवली आणि केमोथेरपीचे पुढचे सत्र पुढे ढकलले. केमोथेरपी पुढे ढकलायची की नाही, हा निर्णय आजाराचे नाव कळल्याशिवाय घेता आला नसता.

फोंड्याच्या ताई, तुमच्या सासूबाईंसाठी हेच आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना हे औषध नेहमीच्या मात्रेत देता येत नाही, म्हणजे त्यांना संसर्ग झाल्यावर हाताशी असलेला उपायसुद्धा सरळ राहत नाही. शिवाय डायलिसिस घरी बसून टाळता येत नाही. संसर्ग झालेल्या अवस्थेतही त्यांना आठवड्यातून तीन वेळा त्याच कक्षात जावे लागेल, जिथे शेजारच्या खाटांवर त्यांच्यासारखेच रुग्ण असतात. मी तुमच्या जागी असतो तर निकाल काहीही आला असता तरी चवथीच्या दिवशी गेलो नसतो. हे लिहिणे सोपे आहे आणि करणे किती कठीण, याची मला कल्पना आहे.

डिचोलीकर

मडगावच्या बाळा, समजले. आईला हृदयाच्या चार गोळ्या चालू आहेत आणि त्यांची यादी आजपर्यंत मी कधी एका कागदावर लिहून ठेवलेली नाही. आज लिहितो, आणि दोन संच आणून घरात ठेवतो.

फोंड्याची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या संचाची मुदत पाहिली, ती अजून शिल्लक आहे. आज सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त दिले. एनएस१ निगेटिव्ह आहे आणि प्लेटलेट व्यवस्थित आहेत. संध्याकाळी, पहिल्या चाचणीला ४८ तास झाल्यावर, यजमानांनी म्हापशाहून आणलेल्या संचावर पुन्हा चाचणी केली. बाराव्या मिनिटाला दुसरी रेघ दिसू लागली. फिकट आहे, पण आहे.

शाळेत कळवले आणि रजा टाकली; वर्गातील पालकांनाही निरोप दिला, कारण त्या मुलांच्या घरीही आजी-आजोबा आहेत. यजमानांना आणि मुलाला अजून काही त्रास नाही, पण ते तीन दिवस माझ्याबरोबर एकाच घरात आहेत, तेव्हा चवथीच्या दिवशी आम्ही तिघेही फोंड्यातच राहणार आहोत. लग्नानंतरच्या १९ वर्षांत असे पहिल्यांदाच होते आहे. पूजेला धाकटे दीर बसतील. विसर्जनाच्या दिवशी जावे की नाही, ते तिघांच्याही चाचण्या निगेटिव्ह आल्या आणि कोणाला ताप-खोकला नसला तरच ठरवू, आणि गेलो तरी बाहेर सोप्यावर मास्क लावून बसू.

दिरांना फोन केला तेव्हा मला रडू आले. सासूबाईंनी फोन घेतला आणि एवढेच विचारले, की माटोळीचे (गणपतीवर फळे-पाने टांगतात त्या चौकटीचे) सामान तुम्ही फोंड्याच्या बाजारातून घ्यायचे ठरले होते, त्याचे काय? शेजारचा मुलगा ते उद्या बाजारातून घेऊन परस्पर सत्तरीला पोहोचवणार आहे. यादी मी त्याला फोनवर सांगितली आहे.