मदत हवी आहे: मुलाच्या दम्यासाठी स्पेशालिस्टकडे कधी न्यावं?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकरोडला राहतो. मुलगा 9 वर्षांचा. थंडी सुरू झाली की पहाटे खोकत उठतो, पाठीला उशी लावून बसतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. निळा पंप (दम लागल्यावर लगेच आराम देणारा इनहेलर) आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला तर दमा आटोक्यात नाही असं समजतात. याला जवळजवळ रोजच लागतोय. फॅमिली डॉक्टर म्हणतात, वयाबरोबर कमी होईल. मला मात्र आता थांबवत नाही.

आधी छातीच्या डॉक्टरांकडे न्यावं की अ‍ॅलर्जीच्या? मुलांना नीट समजावून, न घाबरवता स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) कोण करतं? त्वचेवरच्या अ‍ॅलर्जी टेस्टआधी सेट्रिझिन (अ‍ॅलर्जीचं औषध) काही दिवस बंद ठेवावी लागते, तेव्हा शिंका, नाक गळणं कसं सांभाळलंत? कॉलेज रोड, इंदिरानगर, कुठेही जायची तयारी आहे. अनुभव असेल तर कृपया सांगा.