मदत हवी आहे: सामाईक रान पुढच्या पिढीसाठी कसं राखावं?

संगमेश्वर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित रान आहे. ऐन, किंजळ, बेहडा. जुन्या ढोलीत धनेश पक्षीही वीण करतो. सातबाऱ्यावर काका, आत्या, चुलत भावंडं अशी लांबलचक यादी. जळाऊ लाकडाचा ठेकेदार अधूनमधून येतोच, काका त्याला परत पाठवतात. पण आता त्यांचं वय झालंय. रान राखायला सगळे तयार (निदान तोंडाने तरी!). वाटप होऊन तुकडे पडले की संपलंच.

ट्रस्ट करावा, की वन्यजीव कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीप्रमाणे ‘सामुदायिक राखीव’ क्षेत्रासाठी अर्ज द्यावा? ते खासगी जमिनीवरही जाहीर होतं म्हणे. मग भाजावळीला (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला) कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, आणि गोठ्याला वासे तोडता येतील का? कुणी प्रत्यक्ष केलंय? सामाईक सातबारा कळणारा कोकणातला वकीलही सुचवा.