स्टार्टर की बॅकअप : मराठीत काय म्हणाल?

फिलाडेल्फियापासून अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे घरात ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं वेड आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मकाय बेक्टनला एका वर्षाच्या करारावर घेतलं. साडेसहा फुटांहून उंच, वजन १६० किलोच्या पुढे, आक्रमक फळीतला टॅकल, म्हणजे फळीच्या टोकाला उभा राहणारा. त्या उन्हाळ्यात सासरे साताऱ्याहून आले होते. तरुणपणी कबड्डी गाजवलेला माणूस. मुलगा त्यांना म्हणाला, "आजोबा, हा स्टार्टर आहे की बॅकअप तेच कळत नाहीये." आजोबा शांतपणे म्हणाले, "स्टार्टर विहिरीवर असतो, मोटारीला."

हसू आलं, पण सुरुवातीपासून खेळणारा तो स्टार्टर आणि त्याच्या जागी उतरायला ठेवलेला तो बॅकअप, यांना मलाही शब्द सुचेना. 'सुरुवातीचा खेळाडू' म्हटलं तर जुन्या काळातला वाटतो. 'सलामीवीर' म्हटलं की क्रिकेटमधला फलंदाजीचा क्रम येतो. 'राखीव' त्यातल्या त्यात बरा. "हा स्टार्टरच्या दर्जाचा आहे की नुसता बॅकअप?" हे वाक्य तुम्ही कसं म्हणाल?

—

'राखीव' वर्तमानपत्रांनी रुळवलाय, मान्य. पण गंमत बघा, रेल्वेत राखीव म्हणजे जागा पक्की आणि मैदानात राखीव म्हणजे जागाच नाही! शिवाय 'राखीव' फक्त माणूस कुठे बसलाय ते सांगतो. तो कितपत खेळतो, हे त्यात येत नाही आणि तुमचा प्रश्न नेमका तोच आहे.

'बारावा गडी' मात्र कुणी सुचवू नका. तो क्षेत्ररक्षण करतो, पाणी आणतो. बॅट किंवा चेंडू त्याच्या हातात देता येत नाही. लाइनमनचं, म्हणजे फळीतल्या खेळाडूचं, तसं नाही, आत गेला की पूर्ण काम करतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये संघात ५३ जण असतात, सामन्याच्या दिवशी ४८ जणांना सज्ज ठेवता येतं, पण त्यासाठी त्यांत किमान आठ आक्रमक लाइनमन असावे लागतात. खेळतात पाच. म्हणजे तिघं कायम तयारीत.

मी 'अकरातला' म्हणेन. तिथेही एका वेळी मैदानात अकराच असतात आणि 'अंतिम अकरा' आपल्या तोंडात बसलेलं आहे.

—

'पहिल्या फळीतला, दुसऱ्या फळीतला' हे कुणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच हरकत नोंदवतो. एरवी छान शब्द आहेत. पण इथे लाइन म्हणजेच फळी. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, टोकांना टॅकल. बाकावर बसलेला टॅकलसुद्धा उतरला की पहिल्या फळीतच उभा राहतो! आणि बचावात दुसऱ्या फळीत खरोखरच लाइनबॅकर असतात. 'दुसऱ्या फळीतला लाइनमन' वाचून वाचक भलत्याच माणसाला शोधत बसेल.

—

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. सुरुवातीची काही वर्षं 'बदली'. पहाटे डबा घेऊन फाटकाशी उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर आत, नाहीतर डबा तसाच घरी. आई डबा हातात घेऊन वजनावरून ओळखायची, आज काम मिळालं की नाही ते. कामात बदलीवाला कमी होता असं नाही. साचा तोच, कापड तेच. फरक एवढाच, की त्या साच्यावर दुसऱ्याचं नाव होतं.

बॅकअपला 'बदली' आणि स्टार्टरला 'कायम' ही जोडी मला सगळ्यात चपखल वाटते. तेवढं एक, की आता 'बदली' म्हटलं की लोकांना तलाठ्याची बदली आठवते.

—

आणि स्टेपनी? डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना चालणारा जो तिसरा टॅकल असतो, त्याला तिकडे स्विंग टॅकल म्हणतात. आमच्या गॅरेजच्या भाषेत ही स्टेपनीच, कुठल्याही चाकाच्या जागी बसते. (वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून पडलेलं नाव आहे ते.)

—

स्टेपनीचा दुसरा अर्थ माहीत नाही का? मुलांसमोर म्हणायची सोय नाही हो.

—

मूळ प्रश्न माझाच. सगळ्यांचे आभार. वाचताना लक्षात आलं, की इंग्रजी 'स्टार्टर' एकाच शब्दात दोन गोष्टी उरकतो: जागा आणि वकूब. मराठीत त्या वेगळ्या काढलेल्या बऱ्या.

बेक्टनचंच बघा. २०२० मध्ये नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) जेट्स संघाने अकराव्या क्रमांकावर निवडलेला, म्हणजे वकुबाबद्दल तेव्हा शंका नव्हती. ईगल्सकडे आला तेव्हा डावीकडे जॉर्डन मायलाटा, उजवीकडे लेन जॉन्सन. टॅकलची जागाच रिकामी नव्हती. पण सेंटर जेसन केल्सी निवृत्त झाला, त्याच्या जागी सेंटरला कॅम जर्गन्स सरकला आणि उजव्या गार्डची जागा मोकळी झाली. फळीचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी बेक्टनला तिथे बसवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीफ्स संघाला ४०-२२ हरवून ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा तो तिथेच खेळत होता.

ती जागा हुकली टायलर स्टीनची. पण सुपर बोलच्या आधीच्या, वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात जर्गन्सची पाठ धरली, डावा गार्ड डिकरसन मध्ये गेला आणि डाव्या गार्डला सुरुवातीपासून खेळला तो स्टीन. त्याला 'कामचलाऊ' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गिरणीतला 'बदली'च बरोबर.

म्हणून माझं वाक्य असं: "हा अकरात घेण्याजोगा आहे, की बदलीपुरता?" 'जोगा' आणि 'पुरता' या दोन शेपट्यांत वकूब येतो, जागेचं नाव घ्यावं लागत नाही.

तेव्हा सासऱ्यांनी बेक्टनचा फोटो पाहून विचारलं होतं, "खेळणारा की बसणारा?" मी म्हटलं, तेच तर कळत नाहीये. "एवढा माणूस बसवून कोण ठेवील? गुडघा कसाय त्याचा?" मी सांगितलं, २०२१ ला पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, २०२२ चा अख्खा हंगाम बाहेर. "मग खेळवा," म्हणाले, "पण मागं एक ठेवा."

बॅकअपला नुसतं 'मागचा' चालेल का?

—

कानाला गोड आहे. पण क्वार्टरबॅकच्या मागे रनिंग बॅक उभा असतो, त्याला काय म्हणणार?