माथेरानला नोव्हेंबरात लग्न : वयस्कर मंडळी आणि पंगतीचं सामान वर कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या लेकीचं लग्न ठरलंय. तिला आणि जावईबापूंना शहरातलं कार्यालय नकोय. माथेरानला झाडीत एक जुना बंगला आहे, आता तिथे हॉटेल चालतं, तो दोघांनी पसंत केलाय. जागा पाहून आल्यापासून मलाही दुसरं काही सुचत नाही. व्हरांड्यासमोर लाल मातीचं मोठं अंगण, भोवती जांभळाची आणि अंजनाची झाडं, आणि एकाही गाडीचा आवाज नाही. मंगलाष्टकं माइकशिवाय ऐकू येतील.

दोघांच्या मनात ऑक्टोबर होता. पण चातुर्मासात मुहूर्त नाहीत, शिवाय परतीचा पाऊस. यंदा, 2026 मध्ये, ज्येष्ठ अधिक आल्याने लक्ष्मीपूजनच 8 नोव्हेंबरला आहे आणि तुळशीची लग्नं 21 पासून. त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासचा मुहूर्त गुरुजींकडून काढून घेतोय.

माझा खरा प्रश्न सासूबाईंचा आहे. वय 86, दोन्ही गुडघे गेलेले, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आणि आमचा बंगला त्याच्याही पुढे. हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या हौसेनं करा, मी घरूनच अक्षता टाकीन." तेव्हापासून मला चैन नाही. लेकीला त्यांनी वाढवलंय. त्या नसतील तर मला तो मांडव नको.

घोड्यावर त्यांना बसवणं शक्यच नाही. हातरिक्षा बंद करायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं आणि ते योग्यच झालं, माणसाने माणसाला ओढत चढ चढायचा हे मलाही बघवत नसे. मग ई-रिक्षा आधीपासून ठरवता येते का? दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून सुटणाऱ्या मिनीट्रेनच्या डब्यात वॉकरवाल्या माणसाला चढता येतं का? कुणी आपल्या घरच्यांना असं नेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दुसरं, पाहुणे साधारण 120. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी, मठ्ठा, पंगतच हवी. आचारी खालून न्यावेत की वरचेच बघावेत? आणि माकडांचं काय करतात?

प्रतिसाद

ताई, अभिनंदन! माझ्या चुलतभावाचं लग्न माथेरानला झालं, सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे शनिवार-रविवार टाळा. मिनीट्रेनचे डबे अगदी लहान आणि गर्दीत तिकीट खिडकीवर मोठी रांग, सगळं वऱ्हाड एका फेरीत जाणं विसरा. आजींना आदल्या दिवशी सकाळीच वर न्या, म्हणजे घाई नको आणि रात्रभर पाय ताणून विश्रांती मिळेल. डब्याची पायरी उंच वाटली तर दोघांनी दोन बाजूंनी धरावं लागतं, सोबत छोटं घडीचं स्टूल ठेवा. ई-रिक्षा तुमच्या बंगल्याच्या रस्त्यापर्यंत येते का, हे हॉटेलवाल्यांच्या शब्दावर न सोडता नगरपरिषदेच्या कार्यालयात जाऊन विचारा.

सामान घोड्यांवरून आणि हमालांच्या डोक्यावरून जातं. मोठी पातेली, सिलिंडर, ताटं भाड्याने वरच मिळवा, खालून फक्त किराणा आणि भाजी. मजुरी आधी ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका, पन्नास किलो तांदूळ डोक्यावर घेऊन चढणाऱ्याचं मोल तिथे उभं राहिल्यावर कळतं. आचारी वरचाच घ्या. त्याला पाण्याचा आणि माकडांचा अंदाज असतो. उघड्यावर जिलबीचं ताट ठेवलंत तर ती तुमची नाही. पंगत व्हरांड्यात बसवा आणि वाढप आतून करा.

प्रतिसाद

नेरळहून लिहितेय. वर जाताना प्रत्येकाची प्रवेशकराची पावती दस्तुरीला फाडतात, एका माणसाकडे सगळ्यांचे पैसे देऊन ठेवा. नोव्हेंबरात चिखल नसतो पण लाल धूळ खूप. नऊवारीचे काठ आणि धोतरं गुडघ्यापर्यंत तांबडी होतात, तेव्हा नेसणं वर पोचल्यावरच. रात्री गारठा असतो, आजींसाठी शाल आणि पायमोजे. स्पीकर दहाला बंद करावा लागतो. होमाची वेदी झाडांपासून लांब, मातीवर मांडा आणि शेजारी पाण्याच्या बादल्या, गवत तोवर वाळायला लागलेलं असतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. स्टुलाचं ऐकून म्हणाल्या, "माझा पाट घ्या, तो भक्कम आहे." म्हणजे येणार आहेत! आता एकच राहिलं : आदल्या रात्री गरज पडली तर वर डॉक्टर मिळतात का, आणि रुग्णवाहिका बंगल्यापर्यंत येते का? कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मुहूर्त त्यानंतरच पक्का करणार आहे.