अनुभव धागा : तुमच्या कंपनीतली माणसं तुम्हाला कशी कळली? (हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, सगळ्यांनी लिहा)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं मनात होतं. आपल्यातले कितीतरी जण नागपूरच्या आजूबाजूच्या कंपन्यांमध्ये आहेत किंवा होते, पण आपण बोलतो ते पॅकेज, प्रमोशन आणि बॉसबद्दल. आपल्यासोबत आठ-आठ तास उभे राहणारे ऑपरेटर, हेल्पर, कॅन्टीनमधल्या ताई, गेटवरचे काका, ही माणसं आपल्याला कधी आणि कशी कळली यावर कोणी लिहीतच नाही. सुरुवात मी करते.

मी महालची. मेकॅनिकल करून हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. मशीन शॉपमध्ये मी एकटीच मुलगी, आणि पहिला महिनाभर मला लोक मशीनवरूनच माहीत होते, म्हणजे सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) तीनवाले, ग्राइंडरवाले, जुन्या लेथवाले काका. जेवायला मी केबिनमध्ये बसायची, डबा उघडायचा, मोबाईल बघत खायचं, संपलं.

एका दिवशी लेथवाल्या काकांनी हाक मारली, "मॅडम, इकडे या जरा." त्यांनी हातातला लांब स्क्रूड्रायव्हर हेडस्टॉकवर बेअरिंगच्या जागी टेकवला आणि मूठ माझ्या कानाशी आणली. म्हणाले ऐका. मला नुसतं घूं ऐकू आलं. मग शेजारच्या चांगल्या मशीनवर टेकवला, ते ऐकवलं, परत पहिल्यावर. तीन-चार वेळा असं केल्यावर त्या घूंच्या आत एक बारीक टक्-टक् सापडलं, आणि एकदा सापडल्यावर ते जाईचना. काका म्हणाले, "हे आठ दिवसांपासून बोलून राहिलं." रविवारी मशीन उघडली तर बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर (रेसवर) मुगाच्या डाळीएवढा खड्डा पडलेला. वर्कपीसवर अजून काहीच दिसत नव्हतं, माप बरोबर येत होतं, माझ्या सगळ्या रिपोर्टमध्ये ती मशीन ओके होती.

त्या सोमवारी मी डबा घेऊन शेडमागच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले, जिथं ते लोक बसतात. कोणी काही बोललं नाही, फक्त सरकून जागा दिली. काकांच्या डब्यात भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिथं कळलं की ते काटोलकडचे, घरची संत्र्याची बाग होती, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आला आणि दोन-तीन वर्षांत झाडं गेली, म्हणून वडिलांनी आयटीआयला टाकलं, टर्नर ट्रेड. बाग होती तेव्हाच्या गोष्टी सांगताना ते प्रत्येक वेळी हातानं झाडाची उंची दाखवायचे. एवढी. मी त्यांना महिनाभर "जुन्या लेथवाले" म्हणत होते याची मला आजही खंत वाटते.

आता तुम्ही लिहा. मोठं लिहा, छोटं लिहा, पण कंपनीचं नाव आणि माणसाचं नाव टाकू नका, त्यांना विचारलेलं नाही आपण.

बुटीबोरी, स्पिनिंग, शिफ्ट इनचार्ज

छान धागा. माझा अनुभव उन्हाळ्याचा आहे. आपल्याकडचा मे म्हणजे पारा ४५ च्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी, आणि सूतकताईला लागते दमट हवा, साधारण ५५ ते ६० टक्के आर्द्रता, नाहीतर धागा सटासट तुटतो. म्हणून ह्युमिडिफिकेशन प्लांट असतो. तो एका रात्रपाळीत बंद पडला. रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या मशीनवर) एकेका बाजूला पन्नास-साठ टोकं तुटलेली, लाल दिवे लागलेले, मी नवा, मला घाम फुटला. तिथं काम करणाऱ्या सगळ्या मुली, कोणी मौद्याची, कोणी छिंदवाड्याची, कोणी गोंदियाची. त्यांच्यातली एक, वीस-बावीसची असेल, तिनं मला विचारलंही नाही, दोघींना पाणी शिंपडायला पाठवलं, बाकीच्यांना फ्रेम वाटून दिल्या आणि स्वतः मधल्या गल्लीत शिरली. तुटलेलं टोक शोधायचं, बॉबिन गुडघ्यानं थांबवायची, धागा ट्रॅव्हलरमधून (बॉबिनभोवती फिरणाऱ्या छोट्या कडीतून) ओवून वरून येणाऱ्या कापसाच्या पेळूला टेकवायचा, दोन सेकंद, पुढची. मी घड्याळ लावून बघितलं, एका मिनिटाला बारा-तेरा टोकं. पहाटे प्लांट सुरू झाला तोवर आमच्या पाळीचं उत्पादन फार पडलं नव्हतं. नंतर तिला विचारलं की हे सगळं कोणी शिकवलं, तर म्हणाली शिकवलं कोणी नाही सर, माझ्या गावची ताई आधी इथं होती, तिच्या मागं मागं फिरली मी पंधरा दिवस. तेव्हापासून नवीन मुलगी आली की मी ट्रेनिंगचा कागद नंतर देतो, आधी तिला तिच्या गावची कोणी आहे का बघतो आणि तिच्या फ्रेमला लावतो.

वाडी, गोडाऊन

आमच्याकडे कोण कसं आहे हे गेटवरच्या काकांना सगळ्यात आधी कळते. कोणाची गाडी आज आली नाही, कोण पायी आला, कोणाच्या डब्याची पिशवी चार दिवसांपासून दिसली नाही. असाच एक पोरगा डबा आणत नव्हता, बायको बाळंतपणाला गेली होती आणि उचल मागायला लाजत होता. काकांनी मला सांगितलं म्हणून कळलं. एवढंच लिहायचं होतं.

टाइम ऑफिस, पंचवीस वर्षं

मी फॉर्म भरून घेणारा माणूस. माणूस कसा कळतो ते मी सांगतो, पीएफच्या नॉमिनेशनच्या फॉर्ममध्ये कळतो. "नॉमिनी कोण?" या रकान्यापाशी येऊन पेन थांबतो, आणि तिथं माणूस जे सांगतो ते तो कॅन्टीनमध्ये कधी सांगणार नाही.

एक हेल्पर होता, बालाघाटकडचा, आई-वडील लहानपणीच गेलेले, मावशीनं वाढवलेला. त्यानं मावशीचं नाव लिहिलं आणि नातं या रकान्यात "आई" लिहिलं. मी म्हटलं बाबा, मावशी लिही, पुढं क्लेमच्या वेळी अडेल. त्यानं खोडलं, मावशी लिहिलं, पण तोंड उतरलं त्याचं. चार वर्षांनी लग्न झालं तेव्हा मी बोलावून सांगितलं की आता जुनं नॉमिनेशन चालत नाही, कुटुंब झालं की कुटुंबातल्याच माणसाचं नाव द्यावं लागते, बायकोचं दे. तो खुर्चीवर बसूनच राहिला. म्हणाला, "साहेब, तिचं नाव काढलं तर तिला वाटेल मी तिला काढलं." नियम तर बदलता येत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी घेऊन त्यानं पोस्टात मावशीच्या नावानं आरडी उघडली आणि ते पासबुक मला दाखवायला घेऊन आला, मग बायकोचं नाव भरलं. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर. माझ्या नोकरीत हजारो फॉर्म गेले असतील, हा एक मी विसरू शकत नाही.

(ज्यांनी लग्नानंतर नॉमिनेशन बदललं नसेल त्यांनी आजच बदला, खरंच सांगतो, बायका-पोरांचे फार हाल होतात मागून.)

प्रेस शॉप, आता पुण्यात, मूळ त्रिमूर्ती नगर

मला एक चूक कबूल करायची आहे. माझ्या लाइनवर एक प्रेस ऑपरेटर होते, पन्नाशीचे. मी काही सांगितलं की बघायचेही नाहीत, सरळ काम करत राहायचे. मी त्यांना उर्मट समजलो, दोनदा सगळ्यांसमोर बोललो, वर्षाच्या शेरेपत्रकात "सहकार्य करत नाही" असं लिहिलं. वर्षातून एकदा कानाची तपासणी होते तिचा रिपोर्ट सहज चाळत होतो तर त्यांच्या डाव्या कानाचा आलेख पार खाली गेलेला. अठरा वर्षं पॉवर प्रेसवर, डावी बाजू डायकडे. आठ तासांच्या पाळीला आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरतात, पण आधीच्या कारखान्यात इअर प्लग कोणी दिलेच नव्हते त्यांना. मी रोज त्यांच्या डाव्या बाजूनं येऊन बोलत होतो.

त्यांनी सांगितलं का नाही, तर सांगितलं असतं तर मशीनवरून काढून झाडूवर लावतील ही भीती. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या सर, तुमचा आवाज बारीकच आहे." शेरा बदलायला मला मॅनेजरकडे तीन चकरा माराव्या लागल्या, पण बदलून घेतला.

गणेशपेठ

वरचं वाचून आजोबा आठवले. ते एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आज गांधीसागरजवळ जो मॉल आहे तिथली ती मिल, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. १८८६ मध्ये तिथं कामगारांसाठी पेन्शन फंड होता आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई, म्हणजे असले कायदे देशात यायच्या कितीतरी आधी. आजोबा हे अभिमानानं सांगायचे, जसं काही त्यांनीच सुरू केलं.

पण मला लिहायचं आहे ते वेगळंच. मागांच्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून ते लोक ओठ बघून बोलायचे. आजोबा घरीसुद्धा तोंड मोठं करून, एकेक अक्षर सावकाश बोलायचे, आणि आम्ही बोलताना डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचे. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. त्यांचे मिलमधले मित्र दारात आले की दोघं म्हातारे अंगणाच्या दोन टोकांना उभे राहून एक शब्द न काढता अर्धा अर्धा तास गप्पा मारायचे, हसायचे पण. आम्ही पोरं मधून पळायचो, आम्हाला काहीच कळायचं नाही. आजोबा गेले त्या दिवशी त्यातले एक काका आले, पायाशी उभे राहिले आणि बराच वेळ नुसते ओठ हलवत होते. काय बोलले ते कोणाला माहीत नाही.

कळमेश्वर, फाउंड्री

आमची भट्टी बंद ठेवता येत नाही, सणवार असो की काही. दसऱ्याचा प्रश्न दरवर्षी येतो. आमच्यातले निम्मे लोक दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारे, १९५६ साली बाबासाहेबांनी अशोक विजयादशमीलाच दीक्षा दिली म्हणून त्या दिवशी गर्दी, त्यांच्या घरी नांदेडहून, अकोल्याहून पाहुणे उतरलेले असतात. बाकीच्यांकडे खंडेनवमीला मशीनची पूजा आणि दसऱ्याला सोनं वाटणं. मी लागलो त्या वर्षी ड्यूटीचा चार्ट करायला बसलो आणि डोकं धरलं. मोल्डिंगचे मिस्त्री म्हणाले, साहेब, तुम्ही नका करू, आमचा ठरलेला आहे. खरंच ठरलेला होता, कित्येक वर्षांपासूनचा. दसऱ्याची पाळी बाकीचे करतात, लक्ष्मीपूजनाची दीक्षाभूमीवर जाणारे करतात, वहीत कुठं लिहिलेलं नाही. आणि दीक्षाभूमीवरून येताना ते लोक भट्टीवरच्यांसाठी पुस्तकं घेऊन येतात, तिथल्या स्टॉलवरची. मिस्त्रींच्या लॉकरमध्ये अशी सात-आठ आहेत, मीठ-साखरेच्या डब्याशेजारी.

त्याच मिस्त्रींनी मला वाळू शिकवली. मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची, बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, मग गोळा मधून मोडायचा, कडा ढासळायला नको. लॅबमधून ओलाव्याचा आकडा येईस्तोवर त्यांचा साचा अर्धा झालेला असतो. चौदाशे डिग्रीच्या लोखंडासमोर काम करून माणूस एवढा शांत कसा राहतो हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

हिंगणा, ऑपरेटर

धागा पुतणीनं दाखवला. सगळं वाचलं. बरं वाटलं. मी सीएनसीवर आहे चौदा वर्षांपासून, तर दुसऱ्या बाजूनं लिहितो.

आम्हीबी तुम्हाला ओळखत असतो. नवा इंजिनीअर आला की पहिल्या आठवड्यात कळते. तो पिवळ्या पट्ट्यावरूनच बोलतो का मशीनच्या मागं येतो, कूलंट हाताला लागला तर कुठं पुसतो, जॉब रिजेक्ट झाला की "कोणाच्या शिफ्टचा आहे" म्हणते का "दाखवा बरं" म्हणते. आमच्याकडे एक सर होते, ते दुसऱ्या पाळीत रात्री साडेनऊला एक चक्कर मारायचे, काही बोलायचे नाही, फक्त पंखे चालू आहेत का बघायचे. मागच्या लाइनचा पंखा बंद असला की दुसऱ्या दिवशी सुरू असायचा. बदलून गेले ते. आम्ही पैसे जमवून संत्राबर्फी दिली तर त्यांनी तिथंच फोडून सगळ्यांना वाटली, मग स्वतःला एकच तुकडा उरला.

पहिल्या ताईला एक विचारायचं होतं, ते काटोलचे काका रिटायर झाले का? आमच्या शेडमध्ये एक होते आधी, असेच स्क्रूड्रायव्हर कानाला लावणारे, झाडाची उंची हातानं दाखवणारे. तेच असतील तर त्यांना सांगा की ज्या पोराला त्यांनी थ्रेड कटिंग शिकवलं होतं तो आता सेटर (मशीन लावून देणारा) आहे. पाळीला निघतो, बस येऊन राहिली.