सोळा ते अठरा : या दोन वर्षांचं कायद्याने काय करावं?

कोर्टपक्षी (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायच्या तर शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत. शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय 18 च राहू द्या. पण मुलीला 16 पूर्ण झाली आहेत, मुलगा तिच्याहून फार तर तीन वर्षांनी मोठा आहे आणि धाक, फसवणूक, जबरदस्ती यातलं काही नाही, अशा वेळी त्या मुलाला बलात्कारी ठरवू नका. एवढीच सूट.

आज काय होतं? मुलगी साडेसतराची, मुलगा एकोणिसाचा. दोघं पळून जातात. बाप ठाण्यात अपहरणाची फिर्याद देतो. दोघं सापडतात, मुलीची वैद्यकीय तपासणी होते, पॉक्सो (अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो. पोरगा आत. पोरगी घरी जायचं नाही म्हणते म्हणून बालगृहात. या कायद्यात अत्याचार एकापेक्षा जास्त वेळा झाला किंवा मुलीला दिवस गेले की तो गंभीर प्रकारात मोडतो. 2019 च्या दुरुस्तीपासून त्याला किमान 20 वर्षं. किमान! न्यायाधीशाला कितीही वाटलं तरी त्याखाली उतरता येत नाही. आणि खटला उभा राहतो तेव्हा पुष्कळदा दोघांचं लग्न झालेलं असतं. ती कडेवर पोर घेऊन पिंजऱ्यात उभी राहते, 'माझी काही तक्रार नाही' म्हणते, सरकारी वकील तिला फितूर जाहीर करतात आणि पुढची तारीख पडते.

2012 च्या नोव्हेंबरात पॉक्सो लागू होण्याआधी हे वय 16 होतं. मूळ विधेयकात 16 ते 18 साठी संमतीचा विचार करायची तरतूद होती, ती संसदीय समितीत गळली. 2013 मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही 16 च ठेवा म्हटलं होतं. म्हणजे मी काही आकाशातून मागणी आणलेली नाही.

मास्तरीण

तुमचा साडेसतरा-एकोणीसचा जोडा नेहमी बरा हाताशी सापडतो हो. मी शाळेत शिकवते. मला दिसतो तो क्लासचा सर. आधी जादा नोट्स, मग रात्री मेसेज, मग 'तू इतरांपेक्षा समजूतदार आहेस'. मुलीला विचारा, ती शपथेवर सांगेल की तिच्या मनानेच झालं. आज तिचं वय 18 च्या आत आहे एवढं सिद्ध झालं की 'तिची मर्जी होती' हा बचाव कोर्टात उभाच राहत नाही. तुम्ही सूट द्या, की पहिला प्रश्न तिलाच: मेसेजला उत्तर का दिलंस, तिथे स्वतःहून गेलीस ना? उलटतपासणी म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

कोर्टपक्षी

@मास्तरीण, क्लासचा सर माझ्या सुटीत बसतच नाही. एक तर तो तीन वर्षांनी मोठा नसतो, दहा-पंधरा वर्षांनी असतो. दुसरं, शिक्षक, पालक, नातेवाईक, पोलीस, वसतिगृहाचा अधीक्षक, ज्याच्या हाती मुलीची नाडी आहे अशा कुणालाही सूट नाही हे कायद्यातच लिहायचं. कॅनडात असंच आहे. वय 16, पण 14-15 च्या मुलांसाठी जोडीदार पाच वर्षांहून कमी अंतराने मोठा असेल तर सूट, आणि अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्यात ती नाही.

चहाबाज

हा वाद आपल्याकडे 1891 पासून चाललाय. तेव्हा 'संमतिवयाचे बिल'. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संबंधाने मेली. कायद्यातली मर्यादा 10 वर्षांची होती, म्हणून तो बलात्कार ठरला नाही. नवऱ्याला एक वर्ष सक्तमजुरी झाली. मग मर्यादा 12 करायचं ठरलं. टिळक विरोधात, परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये म्हणून. आगरकर आणि भांडारकर बाजूने. पुण्यात सभा उधळण्यापर्यंत मजल गेली. आपण त्यामानाने फारच सभ्य आहोत.

मास्तरीण

चहाबाज, चांगली आठवण काढलीत. 10 चे 12 झाले, 1925 मध्ये 14, पुढे 16, मग 18. दर वेळी कुणीतरी म्हणालंच की समाज अजून तयार नाही. जपाननेही 2023 मध्ये 13 वरून 16 केलं. जग वर चाललंय आणि आपण खाली उतरायचं?

कोर्टपक्षी

जपान 16 वर गेला, 18 वर नाही. आणि तिथेही 13 ते 15 च्या मुलांसाठी पाच वर्षांच्या अंतराचा विचार आहेच. उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत.

दवाखानेवाली

तुमचं कोर्ट पुढचं. आधी असं प्रकरण आमच्या टेबलावर येतं, गर्भपातासाठी. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मी वय विचारते आणि तिच्या आधी आई उत्तर देते, 'एकोणीस.' आधार कार्ड मागितलं की ते घरी विसरलेलं असतं. मला कळलं की मुलगी अठराच्या आत आहे, तर पॉक्सोच्या कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवणं हा माझा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे किती डॉक्टरांना माहीत आहे? आणि 'पोलीस' शब्द काढला की मायलेकी उठतात. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेतात, रक्तस्राव थांबेना झाला की परत येतात. शिक्षा कितीची ते तुम्ही ठरवा. मला आधी हे कलम 19 सोडवून द्या.

कुंदा_बीड

माझा ठाम विरोध. आमच्याकडे ऊसतोडीला जायच्या आधी पोरी उजवतात. सोळाची मुलगी, वीस-एकविसाचा नवरा. आज तीन म्हणाल, उद्या पाच वर्षांची सूट दिली तर ही सगळी लग्नं तिच्यात आरामात बसतील. 'दोघांची मर्जी होती' असं लिहून द्यायला दोन्हीकडचे बाप एका पायावर तयार. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने 15 ते 18 मधल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच म्हटलं, तेव्हा कुठे अंगणवाडीताईच्या बोलण्याला थोडं वजन आलं. कायद्यांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने 2023 च्या 283 व्या अहवालात वय कमी करू नका म्हटलं त्यात बालविवाहाची भीती होतीच.

कोर्टपक्षी

@कुंदा_बीड, ताई, याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. लग्नाला सूट लागू नाही असं लिहिता येईल, पण मग पळून जाऊन देवळात हार घातलेल्या पोरांचं काय, हा गुंता उरतोच. मात्र त्याच अहवालात आयोगाने पुढेही म्हटलंय: 16 ते 18 मध्ये मुलीची मूक मान्यता दिसत असेल तर शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला मर्यादित मोकळीक द्या. तेवढं तरी तुम्हाला चालेल?

कुंदा_बीड

शिक्षेत तारतम्य चालेल. गुन्हा गुन्हाच राहिला पाहिजे, नाहीतर बालविवाह थांबवायला गेलेल्या बाईच्या हातात काय उरतं?

मास्तरीण

आणि ही 'मोकळीक' कुठवर जाते तेही बघा. बंगालमधलं प्रकरण: मुलगी 14 ची, माणूस 25 चा. 2023 मध्ये हायकोर्टाने सोडलं, वर मुलींनी मनावर ताबा ठेवावा असा उपदेश. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवलं आणि 2025 मध्ये शिक्षा भोगायला लावली नाही, कारण ती आता त्याच्याच घरी नांदते, मूल आहे आणि खटल्याचाच तिला जास्त त्रास झाला. चौदा आणि पंचवीस! याला मी प्रेम म्हणणार नाही.

कोर्टपक्षी

मीही म्हणणार नाही. पण त्या मुलीला कायद्यापासून त्रास झाला, हे कोर्टाने नेमलेल्या समितीसमोर तिनेच सांगितलंय. तेही ऐकायचं ना?

चहाबाज

सगळे वयावर भांडताय. संमती म्हणजे काय, हेच आपल्या कोर्टांना उशिरा कळलं. देसाईगंज, 1972. आदिवासी मुलगी पोलीस ठाण्यात, रात्री, समोर पोलीस. त्यांच्यावर बलात्काराचा खटला. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलनं झाली, 1983 मध्ये कायदा बदलला. आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरू नये, हे स्पष्ट शब्दांत कायद्यात यायला 2013 उजाडलं. तेव्हा 'काही जबरदस्ती नव्हती' हे कोण आणि कशावरून ठरवणार, याची कोर्टपक्ष्यांनी इतकी खात्री बाळगू नये.

दवाखानेवाली

एक साधा प्रश्न. वयावरच सगळं अडलंय, तर वय ठरतं कशावरून? आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावरची तारीख बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते. (मास्तरीणबाई, राग नको.)

कोर्टपक्षी

बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 94. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, आणि तिच्यात दोनेक वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. मूळ दाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर दोन्ही मागवून घ्यायचं. कित्येक खटले त्या रजिस्टरच्या एका ओळीवर फिरतात.